न्यूझीलंडमधल्या क्वीन्सटाऊनहून मिलफर्ड साउंड (उंच कड्यांमध्ये शिरलेली समुद्राची खाडी) एका दिवसात करता येतं का? पाऊस असेल तर बेत रद्द करावा का?

येतं, पण दिवस लांबलचक होतो. रस्त्याने एका बाजूचंच अंतर २९० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन आठेक तास गाडीत आणि बोट जेमतेम दोन तासांची. जमलं तर आदल्या रात्री वाटेतल्या ‘ते आनाऊ’ गावात मुक्काम करा, तिथून साधारण १२० किलोमीटरच उरतात. नाहीतर सरळ बसचं तिकीट काढा, परतताना गाडी चालवायचं त्राण राहत नाही.

पावसासाठी बेत अजिबात मोडू नका! तिथे वर्षाला सहा मीटरहून जास्त पाऊस पडतो, कोरडा दिवस मिळेलच असं नाही. एरवी बारमाही धबधबे दोनच, लेडी बोवेन आणि स्टर्लिंग. पाऊस लागला की काळ्या कड्यांवरून शेकड्याने धारा सुटतात, आपल्या माळशेजसारख्या, फक्त खाली थेट समुद्र. स्टर्लिंगखाली बोट इतकी जवळ नेतात की डेकवरचे सगळे चिंब होतात, तेव्हा मोबाईल आधीच पिशवीत टाका. खडकांवर सील लोळत पडलेले दिसतात.

धक्क्यावर सँडफ्लाय (चावऱ्या बारीक माश्या) फोडून खातात, ओडोमॉससारखं काहीतरी लावाच. हिवाळ्यात मात्र वाटेतल्या होमर बोगद्याचा रस्ता हिमस्खलनाच्या भीतीने कधीकधी बंद ठेवतात, निघण्याआधी बघून घ्या.