सोसायटीच्या ग्रुपवर बदनामी झाली, तर दाद कोठे मागावी?

प्रश्न : सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन शेजाऱ्यांनी मी मेंटेनन्सचे पैसे खाल्ल्याचे लिहिले. आरोप धादांत खोटा आहे. पोलिसांनी केवळ अदखलपात्र नोंद घेतली. आता काय करावे?

उत्तर : अदखलपात्र गुन्ह्यात न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करता येत नसल्याने पोलिसांनी नोंद घेऊन थांबणे कायद्याला धरूनच आहे, मात्र त्यामुळे आपला मार्ग बंद होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामीसाठी दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते, आणि त्यासाठी आपण स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद दाखल करावी लागते. नुकसानभरपाई हवी असल्यास दिवाणी दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा. समेटाची वाट पाहताना ही मुदत निसटू देऊ नका.

सर्वांत आधी पुरावा जपा. पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ आणि मागचे-पुढचे संदेश दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या, मूळ चॅट पुसू नका आणि फोनही बदलू नका, कारण न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. हिशेब व लेखापरीक्षण अहवालही सोबत ठेवा. सार्वजनिक हितासाठी खरे तेच लिहिल्याचा बचाव समोरून हमखास येतो.

प्रथम वकिलामार्फत नोटीस देऊन त्या शेजाऱ्यांना त्याच ग्रुपवर लेखी माफी मागायला सांगावे, असे मला मनापासून वाटते. ग्रुप ॲडमिनला मात्र सहसा यात ओढू नये : लिहिणाऱ्याशी समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय सदस्याच्या मजकुरासाठी तो जबाबदार ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे.