पुण्यात नाश्त्यासाठी ऑरगॅनिक सीरियल घ्यायचंय. चांगलं कसं ओळखावं?

पुढची बाजू सोडा, पाकीट उलटं करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे पहिलं नाव अख्ख्या धान्याचं हवं: ओट्स, ज्वारी, नाचणी. साखर, गूळ, मध, माल्ट अर्क, इन्व्हर्ट सिरप अशी वेगवेगळी नावं दिसली तर सगळी एकत्र मोजा. वाटून लिहिल्यामुळे प्रत्येक खाली सरकतं. ऑरगॅनिक साखर ही साखरच, बरं का!

आकडे नेहमी १०० ग्रॅमचे बघा. साखर ५ ग्रॅमपर्यंत उत्तम, २२.५ च्या वर असेल तर परत ठेवा. फायबर किमान ६ ग्रॅम. 'एक सर्व्हिंग' बहुधा ३० ग्रॅमचं धरतात, घरातल्या वाटीत सहज ५०–६० जातं.

ऑरगॅनिकसाठी 'जैविक भारत' किंवा 'इंडिया ऑरगॅनिक' चिन्ह बघा. नुसतं 'नॅचरल' लिहिलेलं पुरेसं नाही. ग्रॅनोला जपूनच, कारण तो तेल आणि गोडात भाजतात.

खरं तर मंडईजवळच्या दुकानांतल्या बिनमसाल्याच्या ज्वारीच्या लाह्या घ्या, दूध किंवा ताक, वर केळं आणि चमचाभर जवस. लाह्या पावसाळ्यात लगेच सादळतात, तेव्हा थोड्याच आणा. मऊ पडल्या तर कोरड्या कढईत मंद आचेवर परता.