दोनशे संगणकांच्या कंपनीसाठी नेसस, क्वालिस, इनसाइटव्हीएम की ओपनव्हास?

तुमच्याकडे दोनेकशे संगणक आणि वीसेक सर्व्हर आहेत, सुरक्षेसाठी वेगळा माणूस नाही, आणि संगणकांतल्या सुरक्षेच्या त्रुटी शोधण्यासाठी या चारांपैकी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं असं तुम्ही विचारलं आहे. मी बरीच वर्षं हेच काम करतो. त्रुटी शोधण्यापुरतं बोलायचं तर या नावाजलेल्या उत्पादनांत फारसं डावं-उजवं करता येत नाही. फरक पडतो तो त्रुटी सापडल्यानंतर. हजार त्रुटींची यादी हातात आल्यावर उद्या सकाळी कोणत्या दहा बुजवायच्या हे ज्यातून कळतं, आणि त्या बुजल्या की नाही हे जे परत तपासतं, ते घ्या.

आधी स्कॅन कसा करणार ते ठरवा, कारण बहुतेक तुलना इथेच फसतात. लॉगिन न देता केलेला स्कॅन फक्त बाहेरून दार वाजवतो. कोणते पोर्ट (नेटवर्कवरून मशीनमध्ये शिरायची दारं) उघडे आहेत आणि सेवा स्वतःची कोणती आवृत्ती सांगते, एवढंच त्याला कळतं. लॉगिन दिलं की तो आत जाऊन बसवलेलं प्रत्येक पॅकेज वाचतो. आम्ही पहिले काही महिने लॉगिनशिवाय स्कॅन केले, अहवाल छोटा आला आणि सगळे निर्धास्त झालो. लॉगिन दिल्यावर त्याच मशीनमधून कितीतरी पट त्रुटी निघाल्या. ते महिने वाया गेले याचं मला आजही वाईट वाटतं. लोकांच्या कर्जाची माहिती ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीचं उदाहरण तर सर्वांसमोर आहे. मार्च २०१७ मध्ये अपाचे स्ट्रट्स या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमधली त्रुटी आणि तिचा पॅच म्हणजे दुरुस्ती जाहीर झाली, कंपनीने स्कॅनही केला, पण जिथे ती त्रुटी होती ते पोर्टल त्या स्कॅनमध्ये सापडलं नाही. पुढे १४ कोटींहून जास्त लोकांची माहिती चोरीला गेली.

दुसरी गोष्ट प्राधान्याची. २०२४ या एका वर्षात ४०,००० च्या आसपास नव्या सीव्हीई, म्हणजे क्रमांक देऊन जाहीर केलेल्या त्रुटी, नोंदल्या गेल्या. सीव्हीएसएसचा ० ते १० हा गुण त्रुटी किती गंभीर आहे ते सांगतो, तिचा कोणी खरोखर गैरफायदा घेतोय का ते सांगत नाही. त्यासाठी अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेची केईव्ही यादी आहे, तिच्यात प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या त्रुटीच असतात. ईपीएसएस हा पुढच्या ३० दिवसांत हल्ल्यात वापर होण्याच्या शक्यतेचा अंदाज असतो. ट्रायलमध्ये पहिल्यांदा हे पाहा, की या दोन्हींनुसार यादी लावता येते का.

आता नावं. नेसस प्रोफेशनल स्कॅनर म्हणून उत्तम, पण कोणतं काम कोणाकडे दिलं आणि ते संपलं का, हे सांभाळण्यासाठी ते बनलेलं नाही. त्यासाठी नेसस बनवणाऱ्या टेनेबलचं क्लाउडवरचं वेगळं उत्पादन घ्यावं लागतं. क्वालिस आणि रॅपिडसेव्हनचं इनसाइटव्हीएम दोन्ही एजंट, म्हणजे प्रत्येक मशीनवर बसवायचा छोटा प्रोग्राम, देतात. लोक लॅपटॉप घेऊन घरून काम करत असतील तर एजंटशिवाय ते लॅपटॉप स्कॅनमध्ये येणारच नाहीत. ओपनव्हास हे नेससचा कोड २००५ मध्ये बंद झाल्यावर त्यातूनच निघालेलं. पैसे लागत नाहीत, पण ते चालतं ठेवायला माणसाचा वेळ लागतो आणि तुमच्याकडे तोच नाही, म्हणून मी ते सुचवणार नाही. मायक्रोसॉफ्ट डिफेंडर फॉर एंडपॉइंटच्या प्लॅन २ चे परवाने आधीच असतील तर खरेदीआधी तेच उघडून पाहा, त्रुटी व्यवस्थापनाच्या मूळ सोयी त्यात येतात.

दोन उत्पादनांची ट्रायल त्याच वीस मशीनवर घ्या, आणि त्यात डेबियन किंवा रेड हॅट या लिनक्सचा एक जुना सर्व्हर मुद्दाम ठेवा. ही मंडळी सुरक्षेची दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत घालतात, मूळ आवृत्तीचा क्रमांक बदलत नाही. फक्त तो क्रमांक पाहणारं सॉफ्टवेअर तिथे उगाच आरडाओरडा करतं, आणि अशा खोट्या इशाऱ्यांमागे आमच्या सर्व्हरवाल्यांचे कितीतरी दिवस गेले आहेत. आयपी बदललेला लॅपटॉप दोनदा मोजला जातो का तेही बघा, कारण परवान्याचे पैसे सहसा मशीनच्या संख्येवर असतात. जुने प्रिंटर मात्र पहिल्या स्कॅनमधून वगळा, काही स्कॅनच्या माऱ्याने अडकतात.