शेवटच्या पाचशे ऑप्शनसाठी थांबू का?

प्रश्न : ताई, मी बाणेरच्या एका स्टार्टअपमध्ये साडेतीन वर्षं आहे. जॉइन होताना 2,000 ईसॉप मिळाले, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घ्यायचे हक्क (ऑप्शन). दर वर्षी 500 व्हेस्ट होतात, म्हणजे वापरता येतात; शेवटचे 500 सहा महिन्यांनी. एक्सरसाइज किंमत, म्हणजे शेअर घ्यायचा ठरलेला दर, 50 रुपये, आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार शेअरचा भाव आज 850 आहे. दुसऱ्या कंपनीत महिन्याला हातात 40 हजार जास्त मिळतायत. इथे रविवारीही कॉल सुटत नाहीत. बहिणीच्या हळदीला मी जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. घरचे म्हणतात, एवढं काढलंस, अजून सहा महिने काढ. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अरे, आधी ऑप्शन मिळाले तेव्हाचं पत्र, ग्रँट लेटर, शोध. नोकरी सोडल्यावर किती दिवसांत ऑप्शन एक्सरसाइज करायचे, म्हणजे पैसे भरून शेअर घ्यायचे, हे त्यात किंवा योजनेच्या नियमांत असतं. बऱ्याच ठिकाणी 90 दिवस. तेवढ्यात पैसे भरले नाहीत, तर व्हेस्ट झालेलेसुद्धा जातात.

आता हिशेब. तुझे 1,500 व्हेस्ट झालेत. ते घ्यायला 75 हजार लागतील. शिवाय 850 वजा 50, म्हणजे शेअरमागे 800 रुपये, हा करासाठी पगाराचाच भाग धरतात. झाले 12 लाख. तू 30 टक्के कराच्या टप्प्यात बसत असशील तर सेससकट पावणेचार लाख कर. म्हणजे साडेचार लाख खिशातून, आणि हातात काय? शेअर बाजारात लिस्टेड नसलेल्या कंपनीचे शेअर, जे उद्या विकता येत नाहीत. 2020च्या अर्थसंकल्पात काही ठरावीक स्टार्टअपसाठी हा कर पुढे ढकलायची सोय झाली, पण नोकरी सोडली की ती संपते. सोडणाऱ्याला तिचा उपयोग शून्य.

शेवटच्या 500चे कागदावर 4 लाख. कर जाऊन पावणेतीन. नव्या नोकरीचे सहा महिन्यांचे जादा पैसे 2 लाख 40 हजार, रोख. एवढ्याशा फरकासाठी घरचे तुला जिन्यात बसवतायत!

ईसॉपने कुणाचंच भलं झालं नाही असं नाही. पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसने 1994मध्ये कर्मचाऱ्यांना शेअर द्यायला सुरुवात केली, तेव्हा कंपनी बाजारात लिस्ट झालेली होती. भाव रोज पेपरात दिसायचा. फोनपे वेगळी झाल्यावर फ्लिपकार्टने 2023मध्ये ईसॉपवाल्यांना सुमारे 70 कोटी डॉलर रोख वाटले. तुझ्या कंपनीने एकदा तरी बायबॅक केलाय का, म्हणजे कर्मचाऱ्यांकडून ते पैसे देऊन परत घेतलेत का? नसेल, तर 850 हा आकडा आहे, भाव नाही.

मी एचआरमध्ये होते, ईसॉपची ही पत्रं मीच वाटली आहेत. जाड कागद, सोनेरी लोगो. कायद्याने पहिल्या वर्षाच्या आत काही व्हेस्ट होत नाही. एका मुलीने ते वर्ष भरायला सात आठवडे उरले असताना राजीनामा दिला. फॉर्मवर लिहिलं, ‘वैयक्तिक कारण’. चहा मागवला तेव्हा म्हणाली, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस मागितले, तर मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, भाऊ नाही का तुला? मी तिला ऑप्शन वाढवून देऊ केले. हसली फक्त. मॅनेजरला मात्र आम्ही हात लावला नाही. त्याचे आकडे चांगले होते. त्या वर्षी त्याच्या टीममधले आणखी चौघे गेले, आणि मी चौघांनाही ऑप्शनच देऊ करत होते.

माझ्या मते तू निघ. फक्त राजीनाम्याआधी एचआरला मेलवर विचार (तोंडी नको), की नोटीस पिरियडमध्ये व्हेस्टिंग चालू राहतं का. राहत असेल आणि नोटीस तीन महिन्यांची असेल, तर सहाऐवजी तीनच महिन्यांचा प्रश्न उरतो. साडेचार लाख घालायचे का, ते नंतर बघ. गेले तर चालतील एवढेच घाल, कर्ज काढून तर मुळीच नको. नव्या ठिकाणी ईसॉप आहेत का, हे तू लिहिलं नाहीस. असतील, तर सोडल्यानंतरची मुदत किती, हे ऑफर स्वीकारण्याआधी विचार. काही कंपन्या ती आता दिवसांत नाही, काही वर्षांची देतात.