पुढचं सौरचक्र किती जोरदार असेल, हे आधी सांगता येतं का?

येतं, पण चक्र सुरू व्हायच्या सुमारासच. सौरचक्र म्हणजे सूर्यावरच्या काळ्या डागांची संख्या साधारण अकरा वर्षांत वाढून पुन्हा घटण्याचा फेरा. सर्वात भरवशाची खूण म्हणजे डाग कमीत कमी असतानाचं सूर्याच्या ध्रुवांवरचं चुंबकीय क्षेत्र. डागांच्या जोड्या थोड्या तिरप्या असतात. त्यांतल्या मागच्या डागाचं चुंबकत्व हळूहळू ध्रुवाकडे वाहत जातं आणि तेच पुढच्या चक्राचं बियाणं ठरतं. बियाणं कमी, तर डागही कमी.

२४व्या चक्राचं उदाहरण मला फार आवडतं. २००६ मध्ये अमेरिकेत मौसुमी दिक्पती यांच्या गटाने ते आधीच्यापेक्षा ३० ते ५० टक्के जोरदार असेल म्हटलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अर्णब राय चौधुरी आणि सहकाऱ्यांनी ध्रुवीय क्षेत्र गणितात घेऊन उलट सांगितलं: सुमारे ३५ टक्के कमजोर. एप्रिल २०१४ मध्ये शिखर आलं तेव्हा डागांचा सरासरी आकडा होता जेमतेम ११६, शतकभरातलं सर्वात दुबळं!

तरी नेम चुकतोच. २५व्यासाठी अधिकृत अंदाज ११५ चा होता, प्रत्यक्षात २०२४ मध्ये आकडा १६० वर गेला. एखाददुसरा मोठा, भलत्याच दिशेने कललेला डागसमूहही ध्रुवांचा हिशेब बदलतो. म्हणून दोन चक्रांपुढचं छातीठोक सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.