वाचकांचे प्रश्न : संगणक तापतो तेव्हा

प्रश्न : माझ्या जुन्या संगणकावर लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती आहे. उन्हाळ्यात दुपारी व्हिडिओचे काम करताना तो संथ होतो आणि पंखा घरघरतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, 'सेन्सर्स' ही कमांड दिली की प्रोसेसरचे तापमान कळते, पण पंख्याचा वेग दिसत नाही. दोन्ही आकडे पडद्यावर कायम दिसतील का? किती तापमान धोक्याचे समजावे?
— एक वाचक, अकोला

उत्तर : प्रोसेसरचे तापमान त्याच्या आतल्याच सेन्सरकडून मिळते, पंख्याचा वेग मात्र मदरबोर्डवरची वेगळी चिप मोजते, आणि तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा छोटा प्रोग्रॅम, बहुधा आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी टर्मिनलमध्ये 'सुडो सेन्सर्स-डिटेक्ट' (sudo sensors-detect) चालवावे. प्रत्येक प्रश्नाला एंटर दाबत गेले तरी चालते. फक्त सापडलेली मोड्यूल्स, म्हणजे हेच ड्रायव्हर, नोंदवायची का, या शेवटच्या प्रश्नाला 'येस' (yes) असे पूर्ण टाइप करावे, कारण तिथे नुसत्या एंटरचा अर्थ नकार असा होतो. संगणक पुन्हा सुरू करून एक्सएफसीईचे सेन्सर्स प्लगिन बसवावे, पडद्याच्या कडेच्या पट्टीत, म्हणजे पॅनेलमध्ये, जोडावे आणि हवे तेवढेच आकडे निवडावेत.

आता काही विचित्र आकडेही दिसतील. 'ऑक्सटिन' (AUXTIN) या जादा सेन्सरच्या नावापुढे १२७ अंश दिसले तर घाबरू नये. त्या जागी बहुधा सेन्सर जोडलेलाच नसतो. पंख्यापुढचे शून्यही बऱ्याचदा रिकाम्या जोडणीचे असते. दोन तारांच्या पंख्याचा वेग तर कळतच नाही, कारण फेऱ्यांचा संकेत तिसऱ्या तारेतून येतो.

धोक्याची मर्यादा 'सेन्सर्स'च्या ओळीतच 'क्रिट' (crit) म्हणून दिलेली असते. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत ती १०० अंश असते. तिच्या जवळ पोहोचताच प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि दुपारचा तुमचा संथपणा बहुधा त्यामुळेच असावा. मात्र केवळ एक आकडा पाहून निष्कर्ष काढू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. काम तेवढेच आणि पंख्याचा वेगही तोच असेल, तर खोलीच्या हवेपेक्षा प्रोसेसर साधारण तितक्याच अंशांनी जास्त तापतो; म्हणजे जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत ७० दाखवणारा संगणक मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ८५ दाखवील, आणि त्यात बिघाड काहीच नसेल. म्हणून खोलीचे तापमानही सोबत लिहून ठेवावे.

तापमान कसे चढते, यावरून पुष्कळ कळते. काम सुरू करताच दोन-तीन सेकंदांत आकडा ४५ वरून ९५ वर उडाला, तर प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) सुकली असण्याचा किंवा हीटसिंक नीट टेकत नसल्याचा संशय घ्यावा. पंखा पूर्ण वेगाने फिरत असूनही तापमान दहा-पंधरा मिनिटे सावकाश चढतच राहिले, तर हवेचा मार्ग धुळीने तुंबलेला असतो. धूळ काढण्यापूर्वी वीजजोडणी काढावी, आणि ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. हवेच्या झोताने पंखा भलत्याच वेगाने फिरल्यास त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते.