वर्डमधला पीडीएफचा टॅब नाहीसा झाला, तर?

प्रश्न : ठाण्यात नौपाड्यातील आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मी मानद सचिव आहे. सभेच्या नोटिसा आणि इतिवृत्ते वर्डमध्ये टंकून, वरच्या पट्टीतील ‘ॲक्रोबॅट’ टॅबवरून त्यांची पीडीएफ करून सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे, हा माझा नेहमीचा शिरस्ता आहे. संगणक दुरुस्तीहून परत आल्यापासून हा टॅबच दिसत नाही. ऑफिस आणि ॲक्रोबॅट दोन्ही नव्याने विकत घ्यावे लागेल, असे दुरुस्ती करणाऱ्याचे म्हणणे आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा तोंडावर आली असून १४ दिवस आधी नोटीस काढायची आहे. काय करावे?
(सचिव, नौपाडा, ठाणे)

उत्तर : विकत घेण्याची घाई मुळीच करू नये. आपला जो टॅब गेला आहे तो वर्डचा नव्हताच. ॲक्रोबॅट स्टँडर्ड किंवा प्रो हा अडोबीचा विकतचा प्रोग्राम संगणकावर बसवला की तो स्वतःचा एक जोड-प्रोग्राम, म्हणजे ‘ॲड-इन’, वर्डमध्ये घालतो आणि त्यातून हा टॅब उगवतो. आपल्या संस्थेच्या भाषेत सांगायचे तर तो भाडेकरू आहे. जागेचा मालक वर्ड, आणि मालकाची पीडीएफ करण्याची स्वतःची सोय २०१० च्या आवृत्तीपासून आतच दिलेली असते. टॅब गेला म्हणून ती सोय जात नाही.

तेव्हा आधी नोटीस काढून मोकळे व्हावे. फाइल उघडून एफ-१२ ही कळ दाबली की ‘सेव्ह ॲज’ची चौकट येते, तिथे ‘सेव्ह ॲज टाइप’ या यादीतून पीडीएफ निवडावे. त्याच चौकटीत ‘ऑप्शन्स’ नावाचे बटण उमटते, ते सहसा कोणी उघडत नाही, पण इतिवृत्तासाठी ते फार उपयोगी आहे. ठरावांची शीर्षके वर्डच्या ‘हेडिंग’ शैलीत असतील, तर तेथील बुकमार्कच्या पर्यायावर खूण करताच तयार पीडीएफमध्ये त्या शीर्षकांची अनुक्रमणिका बाजूला दिसू लागते आणि सभासदांना नेमका हवा तो ठराव चटकन सापडतो. ‘फाइल सेव्ह होत नाही’ असा संदेश आलाच, तर त्याच नावाची जुनी पीडीएफ कुठेतरी उघडी नाही ना, हे पाहावे. बहुतेक वेळा तेच कारण निघते.

आता मूळ टॅब परत आणण्याविषयी. प्रथम ‘स्टार्ट’ मेनूत ॲक्रोबॅट आहे का, की केवळ फुकटचा रीडर आहे, हे तपासावे. दुरुस्तीत डिस्क फॉरमॅट करून परत नुसता रीडरच बसवला असेल, तर कितीही खटपट केली तरी टॅब येणार नाही, कारण रीडर पीडीएफ वाचण्यापुरता असतो आणि वर्डमध्ये हा ॲड-इन घालत नाही. अशा वेळी जुन्या परवान्याचा क्रमांक किंवा वर्गणीचे खाते शोधावे. ते हाती असेल, तर पुन्हा बसवण्यासाठी नव्याने पैसे मोजण्याचे कारण नाही.

ॲक्रोबॅट जागेवर असूनही टॅब नसेल, तर बहुधा वर्डनेच तो ॲड-इन बंद केलेला असतो. एखाद्या जोड-प्रोग्राममुळे वर्ड सुरू होताना कोसळले किंवा सुरू व्हायला फार वेळ लागू लागला, की वर्ड त्याला बाजूला ठेवते आणि पुढच्या वेळी त्याच्याविना उघडते. ‘फाइल’, मग ‘ऑप्शन्स’, मग ‘ॲड-इन्स’ असे गेल्यावर चौकटीच्या अगदी तळाशी ‘मॅनेज’ अशी एक छोटी यादी दिसते. इथेच बहुतेकांची नजर पोहोचत नाही. त्या यादीतून आधी ‘डिसेबल्ड आयटम्स’ निवडून ‘गो’ दाबावे. तिथे पीडीएफमेकर (ॲक्रोबॅटच्या त्या ॲड-इनचेच हे नाव) आढळले, तर त्यावर ‘एनेबल’ करून वर्ड पूर्ण बंद करावे व पुन्हा उघडावे. ते नाव तिथे नसेल, तर त्याच यादीतून ‘कॉम ॲड-इन्स’ निवडावे आणि ‘ॲक्रोबॅट पीडीएफमेकर ऑफिस कॉम ॲड-इन’ या ओळीसमोरच्या चौकोनात खूण करावी. ही खूण कधी कधी टिकत नाही, उलट आपल्याला ती बदलण्याची मुभा नाही असा संदेश येतो. त्याचा अर्थ एवढाच की, हा ॲड-इन संगणकाच्या सर्व वापरकर्त्यांसाठी नोंदलेला आहे. वर्डच्या चिन्हावर उजवे क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने ते उघडले की खूण राहते.

एवढ्यानेही काम झाले नाही, तर वर्ड, एक्सेल वगैरे सर्व बंद करून ॲक्रोबॅटच्या ‘हेल्प’ मेनूतील ‘रिपेअर इन्स्टॉलेशन’ चालवावे. ॲक्रोबॅट आधीपासून असताना ऑफिस नंतर पुन्हा बसवले गेले असेल, आणि आपल्या बाबतीत तसे होण्याचा संभव बराच आहे, तर वर्डमध्ये घातलेला तो ॲड-इन या दुरुस्तीने नव्याने जोडला जातो. मात्र ॲक्रोबॅट फार जुने आणि ऑफिस अगदी नवे असेल, तर त्या दोघांचे जुळतच नाही. तिथे नाद सोडावा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या अंतर्गत नोंदी ठेवते तिथे, शिरून आकडे बदलण्याचे सल्ले अनेक जण देतात, पण संस्थेची सगळी कागदपत्रे ज्या संगणकात आहेत त्यावर हा प्रयोग करू नये, असे माझे मत आहे.

विंडोज १० पासून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ हा कागदाविना छापणारा प्रिंटरही मिळतो. तोच प्रिंटरच्या यादीतून गेला असेल, तर ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ या चौकटीत त्याची खूण काढून, पुन्हा करून तो परत आणता येतो. अडीनडीला तो ठीक आहे. पण त्यातून निघालेल्या पीडीएफमध्ये बुकमार्क येत नाहीत आणि मजकुरातले दुवेही उघडत नाहीत.

मराठीबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाणित पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टंकलेली नोटीस वर्डच्या रूपातच पाठवली, तर ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला रोमन अक्षरांची खिचडी दिसते. पीडीएफमध्ये फाँट आत बांधला जात असल्याने ती सर्वांना सारखी दिसते. तरीही तिथला मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की खिचडी परत येतेच. मंगल किंवा निर्मला यांसारखे युनिकोड फाँट वापरले तर त्रास पुष्कळ कमी होतो, मात्र पीडीएफमधून कॉपी करताना जोडाक्षरे आणि वेलांट्या त्यांतही विस्कटू शकतात. म्हणून मूळ वर्ड फाइल कधीही काढून टाकू नये. आणि सभासदांची नावे, दूरध्वनी क्रमांक किंवा पॅनचा तपशील असलेली फाइल, फुकट पीडीएफ करून देणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर चढवू नये.

प्रश्न : माझ्याकडे जुना संगणक असून त्यात वर्ड २००७ आहे. ‘सेव्ह ॲज’मध्ये पीडीएफ हा पर्यायच नाही. बिघाड आहे का?
(निवृत्त शिक्षक, वाशी, नवी मुंबई)

उत्तर : बिघाड नाही. अडोबीशी वाटाघाटी फिसकटल्यामुळे मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७ च्या मूळ संचातून ही सोय वगळली आणि ती वेगळा, फुकट ॲड-इन म्हणून देऊ केली. पुढे २००९ मधील दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये, म्हणजे सुधारणांच्या एकत्रित संचात, ती समाविष्ट झाली. म्हणजे आपल्या संगणकावर तो सर्व्हिस पॅक कधी बसलेलाच नाही. ऑफिस २००७ ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार ऑक्टोबर २०१७ मध्येच संपल्याने आता त्याच्या मागे लागण्यापेक्षा लिबरऑफिस हा ऑफिससारखाच संच बसवावा. तो मोफत आहे, त्याचे मेनू मराठीतही करून घेता येतात आणि रायटर या त्यातील वर्डसारख्या प्रोग्रामच्या पट्टीवर थेट पीडीएफ करणारे बटण असते. संगणक फारच जुना असेल, तर त्यावरील विंडोजला लिबरऑफिसची कोणती आवृत्ती चालते, ते बसवण्यापूर्वी पाहून घ्यावे. वर्डमधली फाइल तिथे उघडल्यावर तक्ते आणि पानांचे तुकडे थोडे इकडेतिकडे सरकतात, तेवढे पीडीएफ करण्याआधी नजरेखालून घालावे.